दुसरं पद

"वा!" असं साहेब म्हणाले आणि तिथंच सगळं बिनसलं. त्यांनी नाक मुरडलं असतं, घड्याळाकडे पाहिलं असतं, 'आम्ही कळवू' म्हणून फाईल मिटली असती तर तिला काही वाटलं नसतं. त्याची तिला आता सवय झाली होती, नकार घेऊन जिना उतरताना ती पायऱ्या मोजायची. पण मुलाखत घेणाऱ्या तिघांपैकी मधले, ज्यांना बाकीचे दोघं नुसतं 'साहेब' म्हणत होते, ते खुर्चीतून पुढे वाकले, पडद्यावरच्या ठिपक्यांकडे डोळे भरून बघत राहिले आणि म्हणाले, "वा! हेच. हेच तर हवंय आम्हाला." म्हणून तिनंही वळून पडद्याकडे पाहिलं. ठिपके म्हणजे माणसं. ती दालनातून बाहेर पडायला हवी होती. त्याऐवजी ती दारापर्यंत जात होती, उंबऱ्याशी जरा घुटमळत होती, आणि काहीतरी आत विसरल्यासारखी परत फिरत होती. बाजूचे दोघं माना डोलावत होते. साहेबांनी हात वर करून म्हटलं, "पुरे, कळलं. थांबवा." आणि तिनं थांबवलं.

आता दुपारी ती त्याच कंपनीच्या दुकानात उभी होती, सोबत आई. "एकदा आमचं दुकान आतून बघून या," साहेब म्हणाले होते, "आणि नोकरी घेताय का ते संध्याकाळपर्यंत कळवा. थेट मलाच." आई म्हणाली, मीही येते, नाहीतरी घरी बसून काय भिंती चाटायच्यात. दुकान घरातल्या सामानाचं. आत शिरलं की एक बैठकीची खोली लागायची, तिच्यातून दुसरी, तिच्यातून झोपायची, मग अभ्यासाची, मग पुन्हा बैठकीची. प्रत्येक खोली कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी मांडलेली, उशीला खळगा पाडलेला, टेबलावर चष्मा. खिडक्यांना पडदे होते, पडद्यामागे खिडक्या नव्हत्या. आल्या वाटेनं मागे जावं म्हटलं तर कपाटांच्या पाठी दिसायच्या. आई मात्र खूश होती. "किती निवांत आहे गं इथे," ती एका सोफ्यावर टेकत म्हणाली, "बाहेरचा आवाज म्हणून नाही." आईनं चपला काढून पाय वर घेतले. लेक उभीच राहिली, आणि दार कुठल्या दिशेला राहिलं याचा अंदाज घेऊ लागली, आणि आपल्याला तो घेता येत नाही हे कळल्यावर तिला आधी मौज वाटली, मग घाम फुटला. दारं हा तिचा विषय होता ना! विद्यापीठाच्या गणित विभागात तिला सगळे 'दारवाली'च म्हणायचे. पाइपातल्या प्रवाहावर काम करणाऱ्याला 'नळ' म्हणायचे, उष्णतेच्या समीकरणावाल्याला 'ताप', आणि तिला दारवाली. नळ विमा कंपनीत गेला, माणसं कधी मरतील ते काढतो आणि दर वर्षी नवी गाडी दाखवायला विभागात येतो. ताप एका शिकवणीवर्गात उभा राहून घसा बसेपर्यंत त्रिकोणमिती ओरडतो. कुणी बँकेत धोका मोजतो, कुणी हवामान खात्यात ढग. उपयोजित गणित घेतलं की चारी दिशा मोकळ्या, असं तिच्या मार्गदर्शक सरांनी प्रवेशाच्या वेळी सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं; तिच्या बरोबरीचे सगळे चारी दिशांना गेलेच होते. विभागातल्या लांबोडक्या खोलीत, कुबट वासाच्या त्या खोलीत, एका टेबलाशी एकटी दारवाली उरली होती. आणि काम काय, तर माणसं बाहेर कशी पडतात.

आई लोकांना सांगायची, "आमची दारांवर पीएचडी करते." एकदा शेजारच्या काकू खरंच विचारायला आल्या होत्या, "आमचं न्हाणीघराचं दार घासतंय खाली, जरा येऊन बघते का?" तेव्हा दादा हसून हसून खुर्चीतून पडायचा राहिला होता. तीही हसली होती. मग रात्रभर तिला वाटत राहिलं, की जाऊन बघायला हवं होतं. दार घासतं तर रंधा मारायचा, दार लागतं, काकू खूश, काम संपलं. दादाचा प्रश्न एकच असायचा, तो कधी रागावून विचारायचा नाही आणि तेच वाईट होतं: "ते सगळं ठीक आहे गं. पण पुढे काय?" आधी एम.एस्सी.च्या वेळी त्यानं विचारलं तेव्हा ती ऐटीत म्हणाली होती, डॉक्टरेट. आता डॉक्टरेटच्या पुढे काय, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. शिष्यवृत्ती कधीच थांबली होती. सरांकडे तिसरं प्रकरण पडून होतं. आणि दादाच्या घरातली तिची खोली, म्हणजे तिची आणि आईची, तिच्यात परवा वहिनी मोजपट्टी घेऊन आली होती. वहिनीचे दिवस भरत आले होते. खिडकीपासून कपाटापर्यंत तिनं पट्टी धरली, ओठातल्या ओठात काही पुटपुटली, आणि हिला बघून पटकन म्हणाली, "नाही हो, असंच बघत होते. तुमचं होऊ दे निवांत. काही घाई नाही." वहिनी मनानं वाईट नव्हती. पाळणा कुठेतरी ठेवायलाच हवा. त्या दिवसापासून ती त्या खोलीत शिरताना उगाच अंग चोरून शिरत होती.

"पण पद काय देणार आहेत तुला?" आईनं सोफ्यावरून विचारलं. तिला दचकायला झालं, कारण तिच्या डोक्यात सकाळपासून तोच शब्द घुमत होता, फक्त वेगळ्या अर्थानं. तिच्या समीकरणात दोन पदं होती. पहिलं पद माणसाला दाराकडे ओढतं. माणसाला बाहेर जायचंय, दार तिकडे आहे, चला. दुसरं पद गर्दीचं. जिथे माणसं दाटली आहेत तिथून ते माणसाला लांब सारतं, थोडं थांब म्हणतं, बाजूनं जा म्हणतं. दुसऱ्या पदाच्या मागे उणे चिन्ह आहे. सगळी माणुसकी म्हणा, शहाणपण म्हणा, त्या आडव्या रेघेत आहे. सकाळी साहेबांनी दुकानाचा आराखडा पुढे टाकून म्हटलं, हा घालून दाखवा तुमच्या गणितात. ती खडू घेऊन उठली, भराभर लिहीत गेली, आणि लिहिता लिहिता दुसरं पद बरोबरच्या चिन्हाच्या पलीकडे नेलं आणि त्याला उणे लावायचं राहून गेलं. बाजू बदलली की चिन्ह बदलतं, हे शाळेतलं पोरही झोपेत सांगेल. इतकी वर्षं घालवून तिनं ती चूक केली. फळ्यावरून तीच ओळ तिनं संगणकात घातली. झालं, दुसरं पद उलटं लागलं. माणसं गर्दीपासून पळायच्या ऐवजी गर्दीकडे धावू लागली. एखादा ठिपका दारापर्यंत पोचायचा, दाराबाहेर कुणीच नाही, आत मात्र सगळे आहेत, की फिरला मागे. अजून थोडा वेळ चालू दिलं असतं तर सगळे एका जागी गोळा होऊन आकडे फुगून फुटले असते, कारण अशा उलट्या समीकरणाला धड उत्तरच नसतं. पण तेवढा वेळ ते चाललंच नाही. साहेब म्हणाले, वा.

आईला ती म्हणाली, "पदाचं चिन्ह चुकलंय गं." आई म्हणाली, "मग बदलून घे की. आत्ताच सांगायचं, मागनं कोण बदलून देतं?" तिला हसू आलं. आईचं काही चुकत नव्हतं. आत्ताच सांगायचं. खरं तर सकाळीच सांगायचं होतं. तिला ते सकाळीच दिसलं होतं, 'वा'च्या पुढच्याच क्षणी. चूक दिसायला गणितवाल्याला वेळ लागत नाही, ती वळून बघते न बघते तोच तिची नजर फळ्यावरच्या त्या ओळीवर गेली होती आणि तिनं डस्टर उचललंही होतं. आणि मग डावीकडचा म्हणाला, "आमच्याकडे गिऱ्हाईक आत फार थांबत नाही, हीच तर बोंब आहे." उजवीकडचा म्हणाला, "मॅडम, तुम्ही हे आमच्यासाठी मुद्दाम बसवलंत की काय?" मॅडम! विभागातला शिपाई तिला 'ए दारवाली' म्हणतो. ती म्हणाली, "आराखडा बघून सुचलं." हे शब्द तिच्या तोंडातून असे सहज बाहेर पडले, की ते बोलणारी बाई कोण हे तिलाच वळून बघावंसं वाटलं. नंतर उगाच मनाच्या समाधानासाठी तिनं विचारलं, की आग-बिग लागली तर लोक बाहेर कसे पडणार? साहेब म्हणाले होते, "आणीबाणीचे दरवाजे वेगळे असतात. ते खातं वेगळं आहे."

आग लागली नव्हती तेव्हाही. नुसती कुणीतरी हाळी दिली होती, शाळेच्या जिन्यावर, मधल्या सुट्टीत, कुणी दिली ते शेवटपर्यंत कळलं नाही. ती लहान होती, फ्रॉकातली. वरून सगळी शाळा उतरली. तिची पाठ कठड्याला लागली आणि पुढे एका मोठ्या मुलीची पाठ, तिच्या वेणीचं टोक हिच्या तोंडात, तेलकट, आणि छाती भरून श्वास घ्यावा तर छातीला जागाच नाही. ओरडायलाही श्वास लागतो हे तिला त्या दिवशी कळलं. कुणाला काही झालं नाही. खरचटलं, एकीचा दात पडला, संपलं. घरी कुणी विचारलंही नाही. पण तेव्हापासून कुठेही गेलं, लग्नाला, सिनेमाला, की ती आधी दार बघायची, आणि पुढे गणित शिकताना एक दिवस सर फळ्यावर प्रवाहाचं समीकरण मांडत होते आणि तिला एकदम दिसलं, की हे पाणी नाही, हा जिना आहे. ती वेणी, तो कठडा, ते सगळं चार अक्षरांत बसतं, आणि बसतं तर सोडवताही येईल. तिला इतका आनंद झाला होता की तास संपल्यावर ती बराच वेळ बाकावरच बसून राहिली होती. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. मुलाखतीत 'हा विषय का घेतला' विचारल्यावर ती म्हणाली, "यात उपयोजनाला फार वाव आहे."

शेजारच्या झोपायच्या खोलीत जाऊन तिनं सरांना फोन लावला. सर अडवतील असं तिला वाटत होतं. वाटत कसलं होतं, तिची तशी इच्छा होती. सर ओरडले असते, 'दुकानदारी करायला शिकवलं का तुला? आधी प्रबंध पुरा कर', तर तिनं रडत रडत ऐकलं असतं आणि सुटली असती. सर म्हणाले, "अरे वा, छान! घेऊन टाक. इथे काय ठेवलंय आता? मीच वर्षभरात निवृत्त होतोय." तिनं चाचरत विचारलं, "सर, तिसरं प्रकरण पाहिलंत का?" "तिसरं ना? समोरच आहे. बघतो." 'बघतो' हे सरांचं पालुपद. माणूस प्रेमळ, घरी गेलं की स्वतः चहा करून देणारा, पण बघायचा नाही. "दाराजवळच्या अटीचं जे केलंय ना सर मी, ते तेवढं..." "हो हो, पुलाच्या कंपनांचं ना? बघतो." पुलाची कंपनं त्या 'ताप'च्याही आधीच्या मुलाची. तिनं दुरुस्त केलं नाही. "ठेवते सर," ती म्हणाली. त्या खोलीतल्या पलंगावर एक जोडपं चादरीचा पोत चाचपत होतं, ते तिच्याकडे बघू लागलं, कारण ती फोन कानालाच धरून उभी होती.

आई तिला शोधत आली. "अगं, मघाचा सोफा पुन्हा लागला मला," ती कौतुकानं म्हणाली, "फिरून फिरून भोपळे चौकात. काय डोकं चालवलंय मेल्यांनी! मी तर दोन उशा घेतल्यासुद्धा." आईच्या काखोटीला खरंच दोन उशा होत्या. "तुला हव्या होत्या का उशा?" "नव्हत्या. पण बघ ना कशा आहेत." आणि आई पलंगाच्या कडेला बसली, आणि उशीवरून हात फिरवत म्हणाली, "तू नाही म्हणणार असशील तर नाही म्हण बाई. मी काही बोलणार नाही. फक्त घरी जाऊन वहिनीला तू सांग, मला सांगायला लावू नकोस." तिला आईची इतकी माया आली आणि इतका राग आला, की दोन्ही एकदम येऊ शकतात याचंच तिला नवल वाटलं. किती सरळ होतं सगळं. हो म्हटलं तर आयुष्यभर हीच माणसं, ही उशा धरून बसलेली, आत फिरवत ठेवायची, तिचंच समीकरण लावून. नाही म्हटलं तर ती कुबट खोली, 'बघतो', आणि मोजपट्टी. तिनं माणसांना वाट काढून देण्यात अर्धी जवानी घालवली आणि स्वतःला म्हणून एक फट दिसेना.

आणि मग तिला फट दिसली. इतकी साधी, की तिनं कपाळावर हात मारला. नकार द्यायची गरजच नव्हती. खरं सांगायचं, बस. साहेब, सकाळी जे आवडलं ती माझी चूक होती. चालू ठेवलं असतं तर फुटलं असतं. माझं गणित माणसांना बाहेर काढतं, आत ठेवत नाही. एवढं सांगितलं की तेच म्हणतील, बरं मग, राहू द्या. दादाला सांगता येईल, त्यांनीच नाही म्हटलं. वहिनीलाही. प्रामाणिकपणाही होईल आणि सुटकाही, एका दगडात दोन पक्षी. तिला आनंदच झाला. "बस हं इथेच, हलू नकोस," असं आईला सांगून ती त्या खोटारड्या खिडकीच्या पडद्याशी गेली आणि तिनं साहेबांचा नंबर लावला.

"बोला," साहेब लगेच म्हणाले, वाट बघत असल्यासारखे.

"साहेब, मला एक सांगायचंय. सकाळी फळ्यावर माझी चूक झाली. दुसऱ्या पदाचं चिन्ह..."

"उणे हवं होतं. हो."

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"पद पलीकडे नेलंत तेव्हा राहिलं," साहेब म्हणाले. "मीही उपयोजितचाच हो, अर्धं सोडून आलेला. फुटायच्या आत थांबवायला सांगितलं नाही का मी? त्या दोघांना काही कळलं नाही, त्यांना ठिपके आवडले."

"मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही का नाही बोललात?"

मग साहेबच अगदी मऊ आवाजात, घरातल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "तुम्हाला दिसलं होतं. तुम्ही डस्टर उचललंत. मग आम्ही खूश आहोत असं बघितलंत आणि खाली ठेवलंत. अहो, चिन्ह काय, सोमवारी दोघं बसून बसवू, फुटणार नाही असं काहीतरी. गणित येणारी माणसं पुष्कळ येतात माझ्याकडे, त्यातली बरीचशी पुसून दुरुस्त करतात, त्यांना मी चहा पाजून परत पाठवतो. तुम्ही खाली ठेवलंत. म्हणून तर घेतोय तुम्हाला."

पडद्याचं कापड तिनं मुठीत धरलं होतं. आता फोन ठेवायचा, हे तिला स्पष्ट कळत होतं. बोट फक्त हलवायचं होतं. तिला शरम वाटली, उघडं असताना कुणी पाहिल्यासारखी, कानापर्यंत रक्त चढलं, आणि तरी तिनं ठेवला नाही, कारण साहेब पुढे बोलतच होते. "बरं, ते जाऊ दे. एक विचारायचं राहिलं. त्याच्या खाली तुम्ही दाराजवळची अट जी सैल केलीत, दोन ओळींत, ते कुठे छापून आलंय का? मी दुपारभर त्याच्याशी खेळतोय. मला आधी वाटलं चालणार नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. फार सुरेख आहे हो ते. कुणी सांगितलं की नाही तुम्हाला?"

कुणी सांगितलं नव्हतं. ते कुणी पाहिलंच नव्हतं. ते तिसरं प्रकरण होतं. "नाही, छापलेलं नाही," ती म्हणाली, आणि मग म्हणाली, "तिथे खरी गंमत अशी आहे, साहेब, की दार रुंद धरायचंच नाही," आणि मग ती सांगत सुटली. साहेब मध्येच "थांबा, थांबा, म्हणजे कडेला शून्य होतं का?" असं विचारायचे, बरोबर तिथेच विचारायचे, जिथे कुणी विचारावं म्हणून ती इतकी वर्षं थांबली होती, आणि ती "नाही ना, तेच तर!" म्हणून पुढे सांगायची, मोकळ्या हातानं पडद्यावर रेघा ओढून. आई लांबून बघत होती. किती दिवसांनी पोरगी हसतेय, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"मग सोमवारी येताय ना?" साहेबांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली. तो 'हो' इतका खुशीत, इतका लगेच आला, की तिचा तिलाच धक्का बसला आणि फोन बंद झाल्यावरही तोंडावरचं हसू तिला आवरेना.